सही कोणाची, निर्णय कोणाचा?

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. काही पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून येथे छापीत आहोत.)



गेल्या वर्षी बक्षीस-समारंभाला मी येथे आलो होतो, तेव्हा नववीतल्या एका मुलीने मला गाठले. समोरच्या भिंतीवरच्या तीन तसबिरींकडे बोट दाखवून ती म्हणाली, "सर, हे तिघे राष्ट्रपती होते ना? नागरिकशास्त्राच्या एका धड्यात लिहिलंय की देशाची सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे असते. पुढच्या धड्यात लिहिलंय की खरी सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडे असते. मग परीक्षेत काय लिहायचं?" समारंभाची गडबड होती. "दोन्ही लिही" असे सांगून मी वेळ मारून नेली. उत्तर चूक नव्हते. पण ते उत्तरही नव्हते. यंदा आपल्या चिटणिसांनी व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा त्या मुलीचे देणे फेडावे असे मनात आले. ती आज दहावीत असेल आणि येथेच कोठेतरी बसली असेल.

हा विषय दिल्लीचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही पालकांना वाटेल. त्यांनी घरी गेल्यावर शाळेच्या कामाचा कोणताही शासन निर्णय काढून पाहावा. शिष्यवृत्तीचा असो, वाढीव तुकडीचा असो वा शिक्षकांच्या मान्यतेचा. त्याच्या तळाशी एक ओळ हमखास असते: "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". आणि त्याखाली सही असते ती उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कार्यासन अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. नाव एकाचे, सही दुसऱ्याची आणि निर्णय बहुधा तिसऱ्याचाच. या तिघांची गाठ कोठे बसते, हे ज्याला कळले त्याला राज्यघटनेचा निम्मा भाग कळला असे मी समजतो.

प्रथम घटनेचे शब्द पाहू. अनुच्छेद ५३ सांगतो की संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे आणि ती त्यांनी स्वतः किंवा आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांमार्फत घटनेनुसार वापरावयाची आहे. राज्यपालांबाबत अनुच्छेद १५४ तेच सांगतो. एवढेच वाचून कोणी पुस्तक मिटले, तर राष्ट्रपती हा देशाचा सर्वाधिकारी आहे असे त्याला वाटेल. अमेरिकेत नेमके असेच वाचणारा एक मोठा पक्ष आहे. तेथील घटनेचे दुसरे कलम जवळजवळ याच शब्दांनी सुरू होते: कार्यकारी सत्ता एका राष्ट्राध्यक्षाकडे राहील. या एका वाक्यावरून तेथे शंभर वर्षे भांडण चालले आहे. एक पक्ष म्हणतो, सत्ता एकाची आहे, तेव्हा सरकारातला प्रत्येक अधिकारी त्या एकाच्या मर्जीवर राहिला पाहिजे. त्याला कोणालाही काढता आले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, पदे कायदेमंडळ निर्माण करते, तेव्हा काही पदांना संरक्षण देण्याचा अधिकारही कायदेमंडळाचाच.

या वादातले दोन मोठे निकाल मला नेहमी गमतीचे वाटतात. १९२६ चा मायर्स खटला एका पोस्टमास्तरचा. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्याला मुदतीआधी काढले होते. न्यायालयाने निकाल राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने दिला, आणि तो लिहिणारे सरन्यायाधीश टॅफ्ट हे स्वतः पूर्वी राष्ट्राध्यक्ष होते! व्यापार आयोगाचे सदस्य हम्फ्री यांना रूझवेल्ट यांनी काढले, तेव्हा १९३५ मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले की अशा स्वतंत्र आयोगाच्या सदस्याला राष्ट्राध्यक्षांना केवळ मर्जीने काढता येणार नाही. दोन्ही दावे थकलेल्या पगाराचे होते आणि दोन्ही अधिकारी निकाल लागण्याआधीच वारले होते. दावा चालवला तो त्यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी. पुढे १९८८ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी एकट्याने मतभेद नोंदवून पहिल्या पक्षाची बाजू मांडली, आणि २०२० मध्ये बहुमत त्या बाजूला बरेच झुकले. २०२५ मध्ये त्याच व्यापार आयोगाच्या सदस्याच्या बडतर्फीवरून हा प्रश्न पुन्हा त्या न्यायालयापुढे गेला. असो. आपल्याला त्या भांडणात पडावयाचे नाही. एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: तेथील राष्ट्राध्यक्षाला चार वर्षे कोणत्याही सभागृहाचा विश्वास सांभाळावा लागत नाही.

आपल्याकडे तसे होऊ नये, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची योजना होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी हा फरक विस्ताराने सांगितला. आपल्या राष्ट्रपतीचे नाव अमेरिकन पद्धतीचे असले तरी स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचा प्रमुख आहे, कारभाराचा नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आणि कारणही त्यांनी लपवले नाही. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. संसदेत सरकारचा हिशेब रोजच्या रोज घेतला जातो, प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास मांडून. आणि पुन्हा पाच वर्षांनी मतदार घेतात तो निराळा. दोन्ही एकदम पुरेपूर मिळत नसतील तर स्थैर्यापेक्षा जबाबदारी पत्करावी, असा कौल मसुद्याने दिला होता. म्हणून अनुच्छेद ७४ मध्ये राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद आली. मात्र सल्ला मानलाच पाहिजे, असे मूळ कलमात स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. इंग्लंडमध्ये जे परंपरेने चालते ते येथेही परंपरेने चालेल असे धरले गेले.

आणि शंका काढली ती पहिल्याच राष्ट्रपतींनी. डॉ. राजेंद्रप्रसाद संविधान सभेचे अध्यक्ष होते, निष्णात वकील होते. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या वेळी त्यांनी पंडित नेहरूंना कळवले की या बाबतीत आपण स्वतःच्या विवेकाने वागू इच्छितो. नेहरूंनी सल्ला विचारला तो अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांना, म्हणजे आपल्या मुंबईच्याच वकिलाला. त्यांचे मत पडले की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. तरीही १९६० च्या नोव्हेंबरात, दिल्लीत विधिविषयक संस्थेच्या इमारतीच्या समारंभात, राजेंद्रबाबूंनी विद्वानांना पुन्हा आवाहन केले की आपल्या राष्ट्रपतीचे अधिकार खरोखरच इंग्लंडच्या राजाइतकेच आहेत काय, याचा अभ्यास व्हावा. पंतप्रधानांशी मतभेद असूनही त्यांनी मर्यादा मात्र एकदाही ओलांडली नाही, हे त्यांच्याविषयी आदराने सांगितले पाहिजे.

न्यायालयांनी हा प्रश्न सोडवला तो शाळेच्या पुस्तकांच्या निमित्ताने! पंजाब सरकारने क्रमिक पुस्तके स्वतःच छापण्यास सुरुवात केली, तेव्हा राम जवाया कपूर व इतर प्रकाशक सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा न करता सरकारला हा धंदा करता येतो काय, असा त्यांचा सवाल होता. १९५५ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. पण तो देताना सरन्यायाधीश बिजनकुमार मुखर्जी यांनी सांगितले की राष्ट्रपती व राज्यपाल हे घटनात्मक प्रमुख आहेत आणि खरी कार्यकारी सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती आहे. १९७१ मध्ये आणखी एक फाटा फुटला. लोकसभा विसर्जित झाल्यावर राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाशिवाय कारभार करावा काय? न्यायालय म्हणाले, नाही. मंत्रिमंडळ सदैव असलेच पाहिजे. शेवटी १९७४ मध्ये शमशेर सिंग यांच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी निर्वाळा दिला. काही अपवाद सोडल्यास, जेथे जेथे घटनेत "राष्ट्रपतींची खात्री" किंवा "राज्यपालांची खात्री" असे शब्द येतात, तेथे ती खात्री मंत्रिमंडळाची समजावयाची, त्या व्यक्तीची नव्हे.

हा निकाल १९७४ च्या ऑगस्टचा. त्याच महिन्यात फक्रुद्दीन अली अहमद राष्ट्रपती झाले. आता मी भिंतीवरच्या मधल्या तसबिरीकडे वळतो आणि थोडे अवघड बोलतो.

२५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांचे पत्र राष्ट्रपती भवनात पोहोचले. अंतर्गत गडबडीमुळे देशाच्या सुरक्षिततेला तातडीचा धोका आहे, तरी आणीबाणीचा उद्घोष करावा, असा त्याचा आशय. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हा विषय मंत्रिमंडळापुढे नेता आला असता तर बरे झाले असते, पण आज रात्री ते शक्य नाही. म्हणून कामकाज नियमावलीतील बाराव्या नियमान्वये आपण त्या अटीतून सूट घेत आहोत, असे पंतप्रधानांनी लिहिले होते. १९६१ च्या या नियमावलीतला बारावा नियम पंतप्रधानांना निकडीच्या वेळी नियमांपासून बाजूला जाण्याची मुभा देतो. राष्ट्रपतींनी सही केली. मंत्रिमंडळाला ही बातमी कळली ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अबू अब्राहम यांचे ते प्रसिद्ध व्यंगचित्र इंडियन एक्स्प्रेसमध्ये आले: राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबात बसून अध्यादेशावर सही करीत आहेत. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ते चित्र पाहून वाईट वाटले होते, मलाही वाटले. आपला माणूस त्या खुर्चीवर बसला, आणि लोकांनी लक्षात ठेवला तो या चित्राने!

पण वाईट वाटून घेऊन प्रश्न सुटत नाही. विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजे, ते दुसरे काय करू शकत होते? पुष्कळ लोक म्हणतात, काहीच नाही, सल्ला बंधनकारक होता. हे अर्धेच खरे आहे. अनुच्छेद ७४ प्रमाणे सल्ला देते ती मंत्रिपरिषद. एकटे पंतप्रधान नव्हेत. आणि अनुच्छेद ७८ चा तिसरा भाग तर अशाच प्रसंगासाठी लिहिला आहे: एखाद्या मंत्र्याने निर्णय घेतला असेल, पण मंत्रिपरिषदेने त्याचा विचार केला नसेल, तर तो विषय परिषदेपुढे ठेवा असे राष्ट्रपती पंतप्रधानांना सांगू शकतात. आणीबाणी नाकारण्याचा अधिकार त्यांना नव्हता, असे आपण धरून चालू. "हा निर्णय कोणाचा?" एवढे विचारण्याचा अधिकार मात्र होता. तो सकाळी सहापर्यंत वापरता आला असता. सकाळी बैठक झाली असती आणि मंत्रिमंडळाने होकार दिला असता, असेही म्हणता येईल. तेथे विरोध करणारे कोणी निघाले नाही हे खरे. तरी एक रात्र गेली असती, आणि निर्णय प्रत्येक मंत्र्याला स्वतःच्या नावावर घ्यावा लागला असता. त्या सद्गृहस्थांवर दगड मारण्याचा माझा हेतू नाही. ते १९७७ च्या फेब्रुवारीत पदावर असतानाच वारले. स्वतःची बाजू सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही. परंतु त्यांची तसबीर भिंतीवर लावायची तर हा प्रश्नही तिच्याबरोबर लावला पाहिजे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

त्यानंतर दोन घटनादुरुस्त्या झाल्या. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने लिहून टाकले की राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागतील. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यात एक खिडकी ठेवली: राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी सल्ला परत पाठवू शकतात, मात्र फेरविचारानंतर आलेला सल्ला मानावा लागेल. आणि आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आला पाहिजे, अशी अट घातली. म्हणजे २५ जूनच्या रात्री जो प्रश्न विचारला गेला नाही, तो आता घटनेनेच विचारून ठेवला आहे.

पण बारावा नियम तसाच राहिला. आपल्या महाराष्ट्राने तो २०१९ मध्ये पाहिला. निवडणुकीनंतर सरकार बनेना, म्हणून १२ नोव्हेंबरला राज्यात राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवण्यात आली, ती याच बाराव्या नियमाच्या आधारे, मंत्रिमंडळाची बैठक न होता. आपल्यापैकी पुष्कळजण त्या सकाळी ठाणे-डोंबिवलीहून नेहमीची लोकल पकडून कामावर निघाले असतील, आणि गाडीतच कळले असेल की नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी होऊनही गेला! सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला आणि त्याच दिवशी ते सरकार राजीनामा देऊन गेले. तो दिवस संविधान दिनाचा होता, हा योगायोग. येथे कोणत्या पक्षाचे बरोबर याची चर्चा मला करावयाची नाही. येथे सर्व पक्षांचे पालक बसले आहेत. ४४ वर्षांच्या अंतराने दोन रात्री, आणि दोन्ही वेळा तोच नियम, एवढे मात्र विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावे.

मग राष्ट्रपतींच्या हातात उरले काय? तिसऱ्या तसबिरीकडे पाहा. मे २००५ मध्ये डॉ. कलाम मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला रात्री फॅक्सने गेला. त्यांनी सही केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. आपण राजीनामा लिहून ठेवला होता आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी मन वळवले म्हणून थांबलो, असे डॉ. कलामांनी पुढे २०१२ मध्ये आपल्या पुस्तकात स्वतःच सांगितले. एवढ्या मोठ्या माणसाने आपली चूक आपल्या लेखणीने लिहावी, याचे मला अप्रूप वाटते. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, लाभाच्या पदांविषयीचे विधेयक त्यांनी संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते पुन्हा जसेच्या तसे मंजूर केले, मग त्यांनी सही केली. कोणी म्हणेल, मग उपयोग काय झाला? उपयोग असा की ज्या गोष्टीकडे कोणी पाहिले नसते तिची देशभर चर्चा झाली. त्याआधी १९९७ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला असाच परत पाठवला होता आणि मंत्रिमंडळाने तो सोडून दिला. ती राजवट आली नाही.

दुसरा मार्ग गप्प बसण्याचा. १९८६ मध्ये लोकांची पत्रे उघडण्याचा अधिकार सरकारला देणारे टपाल विधेयक ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेले. त्यांनी सही केली नाही आणि परतही पाठवले नाही. ते विधेयक कधीच कायदा झाले नाही. हे ऐकून आपण टाळी वाजवू. परंतु तेच हत्यार दुसऱ्याच्या हातात गेले की दुखते. विधान परिषदेवर नेमावयाची १२ नावे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यपालांकडे पाठवली, आणि ती तशीच पडून राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले की राज्यपालांनी वाजवी मुदतीत ती स्वीकारावीत किंवा परत करावीत. काहीच न करणे घटनेला धरून नाही. विधेयके अडकवून ठेवण्याविषयी नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मत दिले. न्यायालयाने राष्ट्रपती-राज्यपालांना दिवसांची मुदत आखून देता येणार नाही. मात्र कारण न देता विधेयक अनिश्चित काळ अडवले तर निर्णय घ्या एवढे सांगता येईल. मला स्वतःला हे मत थोडे अपुरे वाटते. मुदत नसलेले कर्तव्य म्हणजे काय, हे सरकारी कचेरीत फाइल अडकलेल्या माणसाला विचारावे.

ठाणेकरांना तर राज्यपालांच्या अधिकाराचा धडा घरबसल्या मिळाला. जून २०२२ मध्ये ठाण्याचे आमदार एकनाथ शिंदे व त्यांचे सहकारी बाहेर पडले, राज्यपालांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले, ठाकरे यांनी सभागृहात न जाता राजीनामा दिला आणि ३० जूनला शिंदे यांचा शपथविधी झाला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. राज्यपालांपुढे जी कागदपत्रे होती त्यांवरून सरकारने विश्वास गमावला असे म्हणता येत नव्हते, म्हणून चाचणी घेण्यास सांगणे चूक होते. परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीला तोंड न देता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही, आणि त्यानंतर शिंदे यांना बोलावणे योग्यच होते. हे उलटसुलट वाटते खरे. पण यातून कळते ते असे की पक्षातले भांडण सोडवणे हे राज्यपालांचे काम नव्हे; आणि विश्वासाचा निकाल सभागृहातच लागतो, तेथे गेलेच पाहिजे.

आता आपल्या गावात येऊ. ठाणे महानगरपालिका १९८२ ची आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. दोन्ही १९४९ च्या महानगरपालिका कायद्याखाली चालतात. या कायद्याचे ६७ वे कलम वाचल्यावर मला पहिल्यांदा हसू आले. अमेरिकेतला पहिला पक्ष जे मागतो ते येथे आयते लिहिले आहे: संपूर्ण कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे. लाल झगा घालून सभेत बसणारे महापौर शहराचे पहिले नागरिक. मान त्यांना, भाषण त्यांचे. नळजोडणी तोडायची की नाही, नोटीस काढायची की नाही, हे ठरवतो आयुक्त, आणि त्याची नेमणूक राज्य सरकार करते. नगरसेवकांच्या हाती अंदाजपत्रक, ठराव आणि प्रश्न. फारच झाले तर एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी आयुक्ताला परत बोलावण्याचा ठराव. कल्याण-डोंबिवलीत नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची काही वर्षे निवडणूक न झाल्याने प्रशासकाचा कारभार राहिला. म्हणजे ठराव करणाराही तोच आणि अंमल करणाराही तोच. राबोडीतल्या, मुंब्र्यातल्या, कल्याणच्या दूधनाक्यावरच्या माणसाने पाण्यासाठी कोणाचे दार ठोठवायचे? आधी निदान नगरसेवकाला शिव्या देता येत होत्या!

सत्ता एकाकडे असली तरी तिला विचारणारे कोणी असावेच लागते, याचे उदाहरणही आपल्याच भागातले आहे. २०१५ मध्ये २७ गावे कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. त्यांतली १८ वेगळी काढण्याची अधिसूचना २०२० च्या जूनमध्ये सरकारने काढली. अशी अधिसूचना काढण्याआधी महापालिकेशी विचारविनिमय करावा असे कायदा सांगतो. तो झाला नाही म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गावे आत असावीत की बाहेर, हे न्यायालयाने ठरवले नाही. ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले काय, एवढेच पाहिले.

शेवटी एक अनुभव सांगतो आणि आपली रजा घेतो. काही वर्षांपूर्वी आपल्या परिसरातल्या एका शाळेत अकरावीची वाढीव तुकडी हवी होती. दहावी झालेल्या मुलींना जवळ जागा मिळत नव्हती, आणि लांब पाठवायला घरचे तयार नव्हते. काहींची शिक्षणे तेथेच थांबली होती. आम्ही काही मंडळी जमलो. कोणीतरी म्हणाले, आदेश राज्यपालांच्या नावाने निघतात, तर त्यांनाच लिहू. मी वकील असूनही त्याला दुजोरा दिला, हे कबूल करतो. शेकडो सह्यांचे निवेदन गेले. नम्र उत्तर आले की आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी विभागाकडे पाठवले आहे. उत्तर अगदी घटनेला धरून होते. दार चुकले होते ते आमचे. तोवर एक जून निघून गेला.

तेव्हा मुलींपैकी एकीची अम्मी, जी आमच्या बैठकीत कधी बोलत नसे, म्हणाली, "वकीलसाहेब, फाइल कुठल्या टेबलावर आहे ते तरी विचारा." आम्ही माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा मुद्रांक लावून अर्ज केला आणि निर्णय मागण्याऐवजी टिपणीच्या पानांची नक्कल मागितली. पाने आली. एका कार्यालयात कोणीतरी लिहून ठेवले होते की वर्गखोलीचा मंजूर नकाशा जोडलेला नाही, त्रुटी कळवावी. ती कळवण्यात आलीच नव्हती. सात महिने फाइल त्या एका ओळीवर थांबली होती. कोणी नाही म्हटले नव्हते आणि कोणी हो म्हटले नव्हते. आम्ही नकाशा नेऊन दिला, पोच घेतली, आणि दर पंधरवड्याला एकजण जाऊन फाइल कोणाकडे आहे ते नावानिशी विचारून येत असे. ते काम त्या अम्मीनेच सर्वांत नेटाने केले.

पुढच्या वर्षी मंजुरी आली. तुकडी सुरू झाली, तिच्यातल्या दोघीजणी आज शिक्षिका आहेत. तो आदेश मी जपून ठेवला आहे आणि त्या दहावीतल्या मुलीसाठी आज बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तिने येऊन पाहावा. तळाशी नेहमीप्रमाणेच छापले आहे, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". खाली सही कार्यासन अधिकाऱ्याची आहे. आणि मागच्या बाजूला, पेन्सिलीने, ती फाइल कोणकोणत्या टेबलांवरून गेली त्यांची नावे एका आईने क्रमाने लिहून ठेवली आहेत.